नटाचं मत आणि माझ्या जातीचा दाखला

७ जुलै २०२१ला दिलीपकुमार गेले. कोरोनाचं दुसरं वर्ष होतं, शाळा बंद होत्या, आम्ही मास्तर मंडळी मोबाईलवर तास घेत होतो. त्या दिवशी तास कसाबसा उरकला आणि टीव्हीसमोर बसलो. 'मुगल-ए-आझम', 'देवदास', मधुबाला, सायराबानो, पेशावरचं घर, ट्रॅजेडी किंग. एका चॅनेलवरून दुसऱ्यावर गेलो तरी तेच. जुहूच्या कब्रस्तानात शासकीय इतमामात दफन झालं तेही पाहिलं. रात्री जेवणं झाली तरी मी रिमोट सोडेना, तेव्हा बायको म्हणाली, "अब क्या बाकी है?"

बाकी एक वाक्य होतं. हा माणूस मुस्लिमांमधल्या पिंजारी, बागवान, मोमीन, कुरेशी, तांबोळ्यांच्या आरक्षणासाठी सभा घेत हिंडला होता, हे वाक्य. मी पाहिलेल्या एकाही चॅनेलवर ते आलं नाही.

म्हणून मीच शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार ओळी टाकल्या. दोनच उत्तरं आली. एका सहकाऱ्याने लिहिलं, "अदाकार को अदाकार रहने दो सर, उनकी सियासत में मत जाओ." दुसऱ्याने मराठीत, जरा फटकारूनच, लिहिलं की नट फार हुशार असतात हा आपला भ्रम आहे, त्यांना दुसऱ्याने लिहिलेलं पाठ म्हणायची सवय असते, त्यांच्या मतांना एवढं महत्त्व द्यायचं कारण नाही.

दुसऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं मला एकदम उडवून लावता आलं नाही. ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण ते पूर्ण खरं असतं, तर आज मी मंठ्यात मास्तर नसतो.

आमच्या घराचा धंदा पिंजाऱ्याचा. आजोबा खांद्यावर पिंजण घेऊन खेडोपाडी जायचे. कुणाच्या घरी लग्न निघालं की गाद्या-उशा भरायच्या असत, थंडीच्या तोंडाला जुन्या गाद्या उसवून कापूस पुन्हा पिंजायचा असे. अब्बांनी पुढे मशीन घेतलं. लहानपणी त्यांच्या दाढीत, भुवयांत कापूस अडकलेला असायचा आणि अम्मी दारातच त्यांना झटकून घ्यायची. दर हिवाळ्यात खोकला. आमचं आडनाव मात्र शेख. शाळेच्या रजिस्टरात धर्म आणि जात असा एकच रकाना असे आणि आम्हा सगळ्यांच्या पुढे गुरुजींनी एकच शब्द लिहिलेला असे, 'मुसलमान'. पिंजारी, मणियार, फकीर, अत्तार, सगळे एका शब्दात बसवलेले. नमाजच्या सफेत तसे बसलो तर आनंदच आहे. सरकारी कागदावर तसे बसलो की नुकसान होतं, हे आम्हाला उशिरा कळलं.

ते कळायला सुरुवात झाली जालन्यातून. जालना आमचं जिल्ह्याचं ठिकाण, इथून साठेक किलोमीटर. तिथले शब्बीर अहमद अन्सारी यांनी मुस्लिमांमधल्या मागास जातींची संघटना उभी केली. ७ ऑगस्ट १९९०ला विश्वनाथ प्रताप सिंग यांनी मंडल आयोग लागू करण्याची घोषणा केली तेव्हा देशभर आग लागली होती. त्या आगीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नव्हती. मंडल आयोगाने इतर मागासवर्गीयांची लोकसंख्या जी ५२ टक्के धरली होती, तिच्यात ८.४० टक्के लोक हिंदू नसलेले होते. म्हणजे त्या यादीत आम्हीही होतो, आणि आम्हालाच त्याचा पत्ता नव्हता. अन्सारी हेच सांगत फिरत होते: तुम्हाला धर्माच्या नावावर काही मिळणार नाही, मागायचंही नाही. तुमच्या धंद्यावर, तुमच्या बिरादरीच्या मागासपणावर जे मिळतं ते मागा. विलास सोनवणे यांच्यासारखे डावे कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते. आणि या गटाला येऊन मिळाले दिलीपकुमार.

या चळवळीतली मागणी आज साधी वाटते, पण तेव्हा ती मोठी वादग्रस्त होती, आणि वाद बाहेरच्यांपेक्षा घरच्यांशी जास्त होता. "इस्लाम में ज़ात-पात नहीं" हे वाक्य आमच्याकडे मूल चालायला लागायच्या आधी ऐकतं. ते वाक्य खरंच आहे. कुराणात जात नाही, मशिदीत जात नाही. पण रिश्ता आला की दुसरा-तिसरा प्रश्न काय असतो? "बिरादरी कौनसी?" हा प्रश्न विचारणारे आणि इस्लाममध्ये जात नाही म्हणणारे एकच असतात, एकाच बैठकीत असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४०च्या दशकात पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात, १९०१च्या बंगालच्या जनगणनेचा दाखला देऊन, मुस्लिमांमधल्या जाती दाखवून दिल्या होत्या. समाजशास्त्रज्ञ इम्तियाज अहमद यांनी १९७३मध्ये याच विषयावर आख्खं पुस्तक संपादित केलं. म्हणजे बुद्धिवंतांनी सांगायचं ते सांगून झालं होतं. ते आमच्या गल्लीपर्यंत आलं नव्हतं, एवढंच.

गल्लीपर्यंत ते कसं आलं ते सांगतो. औरंगाबादला सभा होती. आमच्याकडून काही लोक ट्रकमध्ये बसून गेले, त्यांत अब्बा होते. अब्बा काही ऐकायला गेले नव्हते, बघायला गेले होते. 'गंगा जमना' त्यांनी किती वेळा पाहिला होता याचा हिशोब नव्हता. रात्री उशिरा परत आले ते थोडे हिरमुसलेलेच. अम्मीने विचारलं, "देखे क्या?" म्हणाले, "देखे ना. अपन समझे थे कुछ डायलॉग बोलेंगे, शेर सुनाएंगे. वो तो मंडल पे बोले, ओबीसी पे बोले." आणि मग बराच वेळ गप्प राहून अम्मीलाच विचारलं, "अपन ओबीसी हैं क्या?"

आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला तो असा. आंबेडकरांच्या पुस्तकातून नाही आला, सरकारी परिपत्रकातून नाही आला. डायलॉग ऐकायला गेलेल्या पिंजाऱ्याच्या तोंडून आला.

बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ, यांना हे अजिबात पटलं नाही. ते आपल्याला शेखच समजत. "पिंजारी लिखको क्या करता रे? कल को बच्चियों के रिश्ते कैसे होंगे?" दोघा भावांमध्ये त्यावरून जे बोलणं तुटलं ते दोन वर्षं तुटलेलं होतं. ईदला गळाभेट व्हायची, बोलणं नाही. गावातल्या एका बुजुर्गांनी तर जुम्याच्या नमाजनंतर सुनावलं की सिनेमात नाचणाऱ्या माणसाकडून आता आम्ही दीन शिकायचा का? त्यावर एकजण म्हणाला, "दीन नहीं हज़रत, दाखला." लोक हसले. हसण्यावारी गेलं म्हणून बरं, नाहीतर तिथेच जुंपली असती.

१६ नोव्हेंबर १९९२ला सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा सहानी खटल्याचा निकाल दिला. मंडल टिकलं, आणि हिंदू नसलेल्या समाजांमध्येही मागास घटक असू शकतात हेही त्यात मान्य झालं. त्यानंतर तीन आठवड्यांनी ६ डिसेंबर. मग मुंबई. त्या काळात दिलीपकुमार दंगलग्रस्तांच्या मदतीच्या कामात होते. अशा वातावरणात आमच्या लोकांना धर्म सोडून दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. प्रत्येक जण फक्त मुसलमान म्हणून मारला जात होता आणि फक्त मुसलमान म्हणून जगायला बघत होता. तेव्हा उठून "बाबांनो, तुम्ही पिंजारी आहात, तुम्ही बागवान आहात, त्याचा कागद काढा" असं सांगणं किती अवघड असेल! मला या चळवळीचं जे मोल वाटतं ते इथे आहे. शेवटी शरद पवार मुख्यमंत्री असताना ७ डिसेंबर १९९४ला शासन निर्णय निघाला आणि महाराष्ट्रातल्या मुस्लिम मागास जातींना ओबीसीच्या सवलती मिळण्याचा रस्ता मोकळा झाला.

रस्ता मोकळा झाला म्हणजे गाडी आली असं नव्हे. दाखला काढायला मी बारावीनंतर निघालो. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. आमच्या सगळ्यांच्या टी.सी.वर नुसतं 'मुसलमान'. एका कचेरीतल्या बाबूने मला तोंडावर सांगितलं, "मुसलमानांत जात नसते, तुम्हीच तर म्हणता." बघा म्हणजे, मौलवीसाहेबांचं वाक्य आमच्याविरुद्ध असं कामाला आलं! सात-आठ चकरा झाल्या. शेवटी अब्बांना आठवलं की आजोबांचा निजामाच्या काळातला एक कागद पेटीत आहे. उर्दूतला. त्यात आजोबांच्या नावापुढे पेशा लिहिला होता, 'नद्दाफ'. म्हणजे पिंजारी. तो कागद पेटीत पन्नास वर्षं पडून होता आणि त्यातला तो एक शब्द मला बी.एड.च्या जागेपर्यंत घेऊन गेला. ओबीसीची जागा. खुल्या गटात माझा नंबर लागला नसता हे मी कधी लपवलेलं नाही, लपवायचं कारणही नाही.

तेव्हा नटाच्या मताकडे लक्ष द्यावं की नाही, या प्रश्नावर माझं मत तटस्थ असणं शक्य नाही. तरीही माझ्या सहकाऱ्याचा मुद्दा शिल्लक राहतोच: दिलीपकुमार हुशार होते म्हणून त्यांचं ऐकलं गेलं का?

हुशार तर होतेच. उर्दू-फारसी शायरीचा त्यांचा व्यासंग होता, इंग्रजीवर पकड होती, बोलताना शब्द निवडून बोलत. १९८०मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते, २००० ते २००६ राज्यसभेत होते. 'द सबस्टन्स अँड द शॅडो' या आत्मचरित्रात त्यांनी तरुणपणाची एक हकिकत दिली आहे. पुण्याच्या लष्करी कँटीनमध्ये कामाला असताना इंग्रजी सत्तेविरुद्ध आणि स्वातंत्र्याच्या बाजूने भाषण केलं म्हणून त्यांना पकडून येरवड्याला एक रात्र ठेवण्यात आलं. तेव्हा ते नट नव्हते. पहिला सिनेमा 'ज्वार भाटा', तो १९४४चा. म्हणजे या माणसाला मतं होती आणि ती बोलून दाखवायची खोड होती, ती प्रसिद्धीच्या आधीपासून. १९६२च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत कृष्ण मेनन यांच्या प्रचारालाही ते गेले होते. यातलं एक मत बरोबर असेल, एक चूक असेल. चीनच्या युद्धानंतर मेनन यांचं जे झालं ते आपल्याला माहीत आहे.

पण अब्बा ट्रकमध्ये बसले ते या हुशारीसाठी नाही. हुशारी लागते ती पुढे. गर्दी आणणं 'गंगा जमना'चं काम होतं. जमलेल्या गर्दीला टाळ्यांचं वाक्य देऊन परत पाठवायचं, की तिला न आवडणारी गोष्ट सांगायची, हे ठरवताना माणसाच्या अकलेची आणि हिमतीची परीक्षा होते. दिलीपकुमार स्वतः पेशावरच्या खात्यापित्या पठाण घरातले, वडील फळांचे व्यापारी. ओबीसीच्या यादीशी त्यांचा किंवा त्यांच्या भावंडांचा काडीचा संबंध नव्हता. उलट ज्या वरच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती तिथेच ही मागणी नकोशी होती. सगळ्या मुस्लिमांच्या वतीने एकच गोळाबेरीज बोलणं त्यांना सोपं होतं, टाळ्याही जास्त मिळाल्या असत्या. ते त्यांनी केलं नाही. मी त्यांच्या मताला वजन देतो ते यासाठी.

उलटी उदाहरणंही समोर आहेत. नोव्हेंबर २०२१मध्ये कंगना रनौत म्हणाल्या की १९४७ला मिळालं ते भीक होतं, खरं स्वातंत्र्य २०१४ला मिळालं. त्यांची गोष्ट एक वेळ सोडून द्या. मला धक्का बसला तो विक्रम गोखले यांनी त्या म्हणण्याला दुजोरा दिला तेव्हा. मराठी रंगभूमीवरचा केवढा मोठा नट! डोळ्यांच्या एका हालचालीत जे सांगायचे ते मला आख्ख्या तासात वर्गाला सांगता येत नाही. पण अभिनयाची समज इतिहासाच्या समजेची हमी देत नाही, हे त्या दिवशी दिसलं. माझ्या नववीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, मग पुस्तकात लिहिलंय ते खोटं का?" आता या मुलीला मी कसं सांगू की तिकडे लक्ष देऊ नकोस? लक्ष तिने आधीच दिलेलं होतं. मला फक्त एवढंच करता आलं की भगतसिंगांपासून हैदराबाद मुक्तिसंग्रामापर्यंत, आपल्या जालन्या-परभणीकडच्या लोकांनी काय सोसलं तिथपर्यंत, दोन तास बोललो. त्या आठवड्यात व्याकरण राहिलं.

आमच्या लोकांचीही गंमत सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. डिसेंबर २०१८मध्ये बुलंदशहरला सुबोधकुमार सिंग या पोलीस निरीक्षकाची जमावाने हत्या केली. त्यानंतर नसीरुद्दीन शाह म्हणाले की पोलीस अधिकाऱ्याच्या मरणापेक्षा गायीच्या मरणाला महत्त्व आलं आहे आणि मला माझ्या मुलांची काळजी वाटते. अजमेरच्या साहित्य महोत्सवातला त्यांचा कार्यक्रम विरोधामुळे रद्द झाला. आमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ दिवसाला दहा वेळा फिरत होता, "क्या बात कही, मर्द है" वगैरे. सप्टेंबर २०२१मध्ये त्याच नसीरुद्दीन शाहांनी आणखी एक व्हिडिओ केला, साफ उर्दूत. अफगाणिस्तानात तालिबान परत आल्याचा आनंद मानणाऱ्या हिंदुस्थानी मुसलमानांना त्यांनी विचारलं की तुम्हाला सुधारणा हवी की जुना रानटीपणा? आणि त्याच ग्रुपवर, त्याच माणसांनी लिहिलं, "ये कौन होता है बोलने वाला? नाचने-गाने वाले को दीन का क्या पता?"

तीन वर्षांत शाहांची हुशारी कमी झाली नव्हती. पहिल्या वेळी ते आमच्या बाजूने बोलले, दुसऱ्या वेळी आम्हाला बोलले, एवढाच फरक. मी ग्रुपवर दोन्ही व्हिडिओ एकाखाली एक टाकले आणि काही लिहिलं नाही. दोघेजण ग्रुप सोडून गेले. नंतर एक परत आला.

मुस्लिम नटाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्याच्या मताच्या आधी त्याचं नाव वाचलं जातं. नोव्हेंबर २०१५मध्ये आमिर खान एका पुरस्कार समारंभात घरात झालेलं बोलणं सांगून बसले, बायकोला देशातल्या वातावरणाची भीती वाटते म्हणून. त्यानंतर काय वादळ उठलं ते तुम्हाला आठवत असेल. ते ज्या ऑनलाइन कंपनीची जाहिरात करत तिचं अॅप लोकांनी रागाने मोबाईलमधून काढून टाकलं. मत चूक वाटलं तर चूक म्हणा, पण लोक त्याला पाकिस्तानात धाडायला निघाले. पुढच्याच वर्षी हाच माणूस वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव तालुक्यांत पाणी फाउंडेशनच्या कामाला लागला होता. दिलीपकुमारांचंही तेच झालं. १९९८मध्ये पाकिस्तानने त्यांना 'निशान-ए-इम्तियाज' दिला. त्याच वर्षाच्या शेवटी 'फायर' सिनेमाच्या बाजूने त्यांनी न्यायालयात दाद मागितली तेव्हा शिवसैनिकांनी त्यांच्या घरासमोर अर्धनग्न निदर्शनं केली. कारगिल झालं तेव्हा पुरस्कार परत करा म्हणून बाळासाहेब ठाकरेंनी मागणी लावून धरली. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींना भेटून आल्यावर दिलीपकुमारांनी तो ठेवला. सत्तरी पार केलेल्या, हिंदुस्थान कधी न सोडलेल्या माणसाला त्याच्या दारात येऊन निष्ठा विचारली गेली. मला तर वाटतं की ज्याचं मत फुकटात पडतं त्याच्याकडे थोडं कमी लक्ष दिलं तरी चालेल. ज्याला ते महाग पडणार हे आधीच माहीत आहे आणि तरी जो बोलतो, त्याचं निदान पूर्ण ऐकून घ्यावं. पटवून घ्यायलाच हवं असं नाही.

न पटणाऱ्यांत माझ्यापुरते पहिले डॉ. श्रीराम लागू. मी पाच वेळचा नमाजी आहे, निदान तसा प्रयत्न असतो. लागू म्हणत देवाला रिटायर करा. माझं त्यांच्याशी जमणं शक्यच नाही. पण कान-नाक-घशाचा चालता दवाखाना सोडून नाटकात आलेला हा माणूस, नावाजलेला झाल्यावर, डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर 'विवेकजागर'चे वादसंवाद करत महाराष्ट्रभर फिरला. आधी लागू देव नाही म्हणून ठासून सांगत. मग दाभोलकर उठून सांगत की हे डॉक्टरांचं मत, समितीची भूमिका वेगळी आहे, समिती देवाधर्माबद्दल तटस्थ आहे. मग लोकांचे प्रश्न. एका व्यासपीठावर दोघे बसून, एकमेकांशी असहमत राहून, समोरच्यांचे प्रश्न घेतात! आमच्या जलशांत असं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. नटाचं वादग्रस्त मत ऐकायचं तर असं ऐकावं, जिथे उलटून विचारता येतं. ट्विट करून दार लावून घेणाऱ्यांना काय विचारणार?

निळू फुल्यांचं नावही इथे घेतलं पाहिजे. राष्ट्र सेवा दलात घडलेले निळूभाऊ आणि लागू यांनी 'लग्नाची बेडी' नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, तो पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी. निळूभाऊ पडद्यावर आले की बायका शिव्या घालायच्या, आणि हा माणूस अशा कामात. त्यांची मतं कुणी फारशी विचारली नाहीत, कारण त्यांनी ती ओरडून सांगितली नाहीत.

शब्बीर अन्सारींची चळवळ पुढे किती पोचली याबद्दल माझं समाधान नाही. २००६च्या सच्चर समितीने देशातल्या मुस्लिमांमध्ये ओबीसींचं प्रमाण ४०.७ टक्के असल्याचं नोंदवलं, पण आपल्याकडे अजून कितीतरी पोरांच्या हातात दाखला नाही. २०१४मध्ये निवडणुकीच्या तोंडावर राज्य सरकारने मुस्लिमांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने शिक्षणातलं आरक्षण चालू ठेवायला हरकत घेतली नव्हती, तरी सरकार बदललं आणि तो अध्यादेश संपून गेला. तेव्हा आमचे लोक पुन्हा धर्माच्या नावावर मागू लागले. जे हातात आहे ते बिरादरीच्या नावावर आहे, ते मात्र काढायला जायचा कंटाळा. दर जूनला दाखल-खारीज रजिस्टर घेऊन बसलो की मी प्रत्येक पालकाला विचारतो, आजोबा काय करायचे? काहींना राग येतो. एक बाई म्हणाल्या, "सिर्फ मुस्लिम लिखो सर, अल्लाह के घर में यही पूछेंगे." मी म्हणालो, "वहाँ का दाखला मैं नहीं देता आपा, यहाँ का देता हूँ." त्यांनी रागानेच सांगितलं, सासरे आठवडी बाजारात पानं विकायचे. मी लिहिलं, तांबोळी. बडे अब्बांच्या नातवाचा दाखलाही मीच काढून दिला. पिंजारीच.

२०२३च्या सप्टेंबरनंतर, अंतरवाली सराटीचं आंदोलन पेटल्यावर, माझ्या उर्दूला अचानक भाव आला. कुणबी नोंदी शोधायला निजामाच्या काळातले कागद बाहेर पडू लागले आणि ते उर्दूत. आजूबाजूच्या गावांतले मराठा शेतकरी पिशवीतून जीर्ण कागद काढून माझ्या ओट्यावर ठेवायचे. शिकस्ता लिपी, उडालेली शाई, त्यात नेमका पेशाचा रकाना शोधायचा. एकदा एक वयस्कर पाटील बसले होते. मी कागद वाचत होतो तेवढ्यात त्यांनी विचारलं, "सर, तुमच्यात बी जाती असतेत का?"

मी म्हणालो, असतात. माझी पिंजारी. आणि जालन्याच्या अन्सारींची, औरंगाबादच्या त्या सभेची सगळी हकिकत सांगितली.

"कोन दिलीपकुमार? गंगा-जमनावाला?"

"हो, तोच."

"अन् त्यो आरक्षनावर बोलला?" पाटील चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. मग कागदाकडे बोट करून म्हणाले, "बरं, ह्याच्यात काय लिवलंय ते सांगा आता."